मधु दंडवतेंवर पिक्चर: अख्खं आयुष्य की फक्त तुरुंगातली पत्रं?

परवा कुडाळ स्टेशनवर गाडी लेट, तेव्हा आमच्यात हाच वाद रंगला. एक पार्टी म्हणे जन्मापासून सगळं दाखवा, १९५५ चा गोवा सत्याग्रह, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक, मग १९७१ पासून राजापूरची खासदारकी पाच वेळा, ७७ ला रेल्वेमंत्री, सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर आलेला फोम, कोकण रेल्वे, हुश्श. अडीच तासात हे कोंबलं की नुसत्या मिशा आणि चष्मे बदलत राहतात, माणूस काय दिसत नाही. शाळेच्या गॅदरिंगसारखं होतं ते.

मला दुसरं पटतं. फक्त आणीबाणी. दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात, त्यांची बायको प्रमिलाताई येरवड्याच्या, आणि मधे पत्रं. ती पत्रं खरी आहेत, म्हणजे रायटरला नवराबायकोच्या तोंडी कायच्याकाय डायलॉग घालायची गरजच नाही, आणि खर्च तरी किती, दोन खोल्या नि एक पोस्टमन! सेन्सॉर झालेला कागद उलगडताना हात कसा थांबतो एवढा एक क्लोजअप मिळाला तरी बस.

प्रॉब्लेम एकच, यात रेल्वे कुठाय? कोकणातलं पब्लिक म्हणणार गाडी दाखवा. बाजूला बसलेले एक आजोबा तर सरळच बोलले, "अरे, लाकडी बाकड्यावर रात्रभर बसलंव आम्ही, ता कोण दाखवतलो?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तेवढ्यात गाडीची अनाउन्समेंट झाली.