कुत्र्याचे जेवण: घरी शिजवलेले की पाकिटातले?

ही तुलना बहुधा ताजेपणापासून सुरू होते, आणि ताजेपणात घरचे जेवण सरस ठरते, यात वाद नाही. परंतु कुत्र्याच्या पोषणाचा खरा प्रश्न कॅल्शियम, जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांच्या प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण भांड्यातल्या अन्नाकडे बघून कळत नाही.

कॅल्शियमचेच पाहा. हाडांविना मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, तर कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा फार तर त्याच्या दुप्पट असावे लागते. उकडलेले चिकन आणि भात पोट बिघडलेल्या कुत्र्याला दोन-चार दिवस उत्तम. पण तेच महिनोन्महिने चालू राहिले, तर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढू लागते, आणि वाढत्या पिल्लाची हाडे वाकण्या-मोडण्यापर्यंत वेळ येते. ‘आमचा कुत्रा रोज उन्हात बसतो’ हा युक्तिवादही येथे उपयोगी नाही, कारण कॅल्शियम शोषण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व माणसाच्या त्वचेत उन्हापासून तयार होते, पण कुत्र्याच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही. क जीवनसत्त्व मात्र त्याचे यकृत स्वतःच बनवते.

मग चांगली पाककृती शोधावी, असे वाटेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 मध्ये प्रौढ कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी आढळले; पशुवैद्यकांनी लिहिलेल्या पाककृतीही त्यांत होत्या. त्यातच, पाककृती निर्दोष असली तरी घरोघरी तेल बदलते, यकृत वगळले जाते, खनिजांची पूड संपते आणि पुन्हा आणायची राहून जाते.

पाकिटातले खाद्य या बाबतीत सोयीचे आहे, पण त्यावर ‘संपूर्ण व संतुलित’ असा उल्लेख आणि तो कोणत्या वयासाठी आहे हे छापलेले असेल तरच. घटकांच्या यादीवर फार विसंबू नये. ती शिजवण्यापूर्वीच्या वजनानुसार असते आणि ताज्या मांसाचे बरेचसे वजन पाण्याचे असल्याने ते सहज पहिल्या क्रमांकावर येते. प्रथिनांचे आकडेही पाणी वगळून पाहावेत: 78 टक्के पाणी असलेल्या डब्यातले 8 टक्के प्रथिन कोरड्या हिशेबाने सुमारे 36 टक्के होते, तर 10 टक्के पाणी असलेल्या कोरड्या दाण्यांतले 24 टक्के जेमतेम 27 टक्के भरते.

कारखान्यातून आलेले म्हणून ते निर्धोक असते असेही नाही. 2007 मध्ये उत्तर अमेरिकेत मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेले खाद्य मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले. धान्यविरहित खाद्य आणि हृदयाचे स्नायू दुबळे होण्याचा आजार यांच्या संभाव्य संबंधाचा तपास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये जाहीर केला. तो संबंध निर्विवाद सिद्ध झालेला नाही, तरीही ‘धान्य नको’ या जाहिरातीला भुलण्याचे कारण मला दिसत नाही, कारण बहुतेक कुत्र्यांना धान्यातला शिजवलेला स्टार्च (पिष्ट) चांगला पचतो.

माझे मत विचाराल, तर पिल्लू असेल, विशेषतः मोठ्या जातीचे, तर वाढीच्या वयाचे पाकीटच निवडावे. तेथे चुकीला वाव फार कमी असतो. घरचे जेवण खरे उपयोगी पडते ते अन्नाच्या ॲलर्जीचा शोध घेताना, भूक मंदावलेल्या वृद्ध कुत्र्यासाठी, किंवा दोन आजारांची पथ्ये एकाच पाकिटात सापडत नाहीत तेव्हा. मात्र पाककृती पशुपोषणतज्ज्ञाने त्याच कुत्र्यासाठी आखलेली असावी आणि स्वयंपाकघरात वजनकाटा असावा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) हे कुत्र्याला विषारी असल्याने त्यांना त्या भांड्यात जागा नाही.

दोन्हींचा मेळ घालायचा असल्यास घरचे पदार्थ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावेत, म्हणजे पाकिटातला समतोल बिघडत नाही. पूर्ण बदल करायचा असेल, तर सात ते दहा दिवसांत जुने अन्न थोडे थोडे कमी करत नवे वाढवावे आणि त्या काळात शौचाकडे लक्ष ठेवावे.