इंग्रजी शिकवतो म्हणाले आणि शोधनिबंध घेऊन गेले

गोव्यात पीएचडी करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या ‘संशोधकांसाठी अ‍ॅकॅडेमिक इंग्लिश’ अशा कोर्सच्या जाहिराती सारख्या येऊन पडतात. त्यातल्या एका संस्थेने माझे साडेएकोणीस हजार रुपये घेतले आणि माझा न छापलेला शोधनिबंध दुसऱ्यांच्या नावावर छापला. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार चालू आहे, शिवाय ही मंडळी नावं बदलतच असतात. पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून ती सविस्तर लिहिते.

मी पेडणे तालुक्यातली. प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. पेडणे, सत्तरी, डिचोलीकडच्या आमच्यासारख्या कितीतरी जणांचं असंच झालेलं आहे. आता एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर शिकवते आणि खाजन जमिनीतल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतातल्या, मातीच्या खारेपणावर पीएचडी करते. रायबंदरहून फेरीने चोडणला जायचं, ओहोटी बघून चिखलात उतरायचं, नमुने पिशव्यांत भरून आणायचे, हे माझं काम. वर्गात शिकवताना इंग्रजी अडत नाही. पण जर्नलकडून निबंध परत येतो आणि खाली ‘लँग्वेज नीड्स इंप्रूव्हमेंट’ एवढंच लिहिलेलं असतं. नक्की काय सुधारायचं ते कुणी सांगत नाही. त्या एका ओळीवर कितीतरी जणांची दुकानं चालतात.

सुरुवात फुकटच्या वेबिनारने झाली, आणि तो वेबिनार चांगला होता. हे मुद्दाम सांगते, कारण असले कोर्स पहिल्या मिनिटापासून भंकस असणार असं आपण धरून चालतो. लंडनहून बोलतायत असं सांगितलेल्या बाईंनी प्रस्तावना कशी बांधायची ते शिकवलं. आधी हे क्षेत्र कशाबद्दल आहे ते सांगा, मग त्यात काय राहून गेलंय ते दाखवा, मग तुम्ही ती जागा कशी भरताय ते लिहा. हे जॉन स्वेल्स या भाषातज्ज्ञांनी १९९० मध्ये मांडलं, जगभरच्या विद्यापीठांत शिकवलं जातं आणि इंटरनेटवर एक पैसा न देता वाचता येतं. तेव्हा मला ते नवीन होतं. बाई ‘लाइव्ह’ नव्हत्याच. चॅटमधल्या प्रश्नांना उत्तरं दुसरंच कुणी टाइप करत होतं, आणि बाई मात्र कुणाचंही नाव न घेता बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी फोन. बोलणारा मुलगा अगदी नम्र होता. “मॅम, तुमचं शालेय शिक्षण कुठल्या माध्यमातून झालं?” हा त्याचा पहिलाच प्रश्न. मी सांगितलं. पुढचं सगळं बोलणं त्याने त्या एका उत्तरावर उभं केलं. मराठी माध्यमवाल्यांचे निबंध पहिल्या पानावरच कसे नाकारले जातात, निबंध तपासणाऱ्या रेफरीला आडनावावरून कसं कळतं, पेपर नसेल तर व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, कशी लांबते. यातलं शेवटचं तर साफ खोटं होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमावलीत, प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलेलाच हवा ही अट ठेवलेली नाही. तुमचं विद्यापीठ स्वतःच्या नियमांत काय म्हणतं ते विभागात जाऊन विचारायचं. फोनवरच्या मुलाला नाही.

पहिल्या ‘लेव्हल’चे ४,९९९ रुपये मी यूपीआयने भरले. पैसे संस्थेच्या नावाने न जाता एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. विचारलं तर “आमच्या अकाउंट्स मॅनेजरचं आहे, मॅम.” पुढे भेटलेल्या, माझ्यासारख्याच फसलेल्या इतरांनीही अशाच व्यक्तींच्या खात्यांवर पैसे भरले होते, प्रत्येकाचं खातं वेगळं.

त्यांच्या जाहिरातीवर खाली चिन्हांची रांग होती, ती नीट समजून घ्या. ‘आयएसओ ९००१ प्रमाणित’: हे प्रमाणपत्र कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं. शिकवण्याचा दर्जा त्यात कुणी तपासत नाही. ‘भारत सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाकडे नोंदणीकृत’: म्हणजे लघुउद्योगांची उद्यम नोंदणी. ती फुकट, ऑनलाइन आणि स्वतःच दिलेल्या माहितीवर होते, पिठाची गिरणीवालाही करतो. ‘यूके रजिस्टर्ड कंपनी’: लंडनचा पत्ता दाखवून तिथे कंपनी नोंदवणं हा थोड्या पौंडांचा आणि थोड्या वेळाचा मामला आहे, त्यासाठी एकही विद्यार्थी शिकवावा लागत नाही. कोर्सच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्यांचीच वेबसाइट उघडायची. म्हणजे आपल्या खरेपणाची साक्ष आपणच द्यायची. ब्रिटनमध्ये विद्यापीठीय इंग्रजीच्या कोर्सना खरोखर मान्यता देणारी संस्था आहे, बालीप. कुणाला मान्यता दिली याची यादी तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते. ब्रिटिश कौन्सिलही इंग्रजी शिकवणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्था तपासून यादी देते. चिन्ह जाहिरातीत दिसलं की ते देणाऱ्याच्या यादीत शोधायचं, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी ‘लेव्हल’ १४,५०० ची. यात ‘नेटिव्ह एडिटर’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला संपादक, आपला निबंध ओळ न् ओळ तपासणार होता आणि त्यासाठी तो त्यांच्या पोर्टलवर अपलोड करायचा होता. तक्ते, आकृत्या, सगळं पूर्ण. अर्धवट फाइल पोर्टल घेतच नव्हतं. खरा सापळा तिथे होता. इंग्रजी शिकवायला दोन परिच्छेद पुरतात, कच्च्या आकड्यांचे तक्ते कशाला लागतील?

तपासून आलेली फाइल वाचताना आधी हसू आलं. ‘सॉइल सॅलिनिटी’चं ‘डर्ट सॉल्टीनेस’ झालं होतं. मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातलं भरतीचं पाणी अडवणारं दार, त्याला मी ‘स्लूस गेट’ लिहिलं होतं, ते ‘कंड्युट एंट्रीवे’ झालं होतं. हा प्रकार जगात नवा नाही. गियोम काबानाक या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे नमुने दाखवून त्यांना ‘टॉर्चर्ड फ्रेजेस’ म्हटलं. चोरलेला मजकूर पकडला जाऊ नये म्हणून तो शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात, मग ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ होतं आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बोझम पेरिल’. मी लगेच लिहून कळवलं. उत्तर आलं, ही नेटिव्ह शैली आहे, सवय होईल. वर पुढची ऑफर: आणखी २२,००० भरा, ‘स्कोपस आणि यूजीसी-केअर’ जर्नलमध्ये हमखास छापून देतो. या दोन्ही जर्नलांच्या निवडक याद्या. यूजीसीने केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आणि ही ऑफर त्याच्यानंतरची. मी नकार दिला, पैसे परत मागितले. त्यांनी नंबर ब्लॉक केला.

मला वाटलं, पैसे गेले, विषय संपला.

प्रबंधाचा मसुदा साम्यतपासणीला, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना हे बघायला, गेला तेव्हा नमुने घेण्याच्या पद्धतीचं प्रकरण जवळजवळ पूर्ण लाल आलं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे प्रबंध सुधारून आणण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत टप्पे आहेत. अहवालात दिलेला ‘मूळ स्रोत’ मी उघडला. न ऐकलेलं जर्नल, परदेशातले तीन लेखक, आणि चोडणची माती. प्रस्तावनेत ‘डर्ट सॉल्टीनेस’ होतं, पद्धतीचा भाग माझा जसाच्या तसा, तक्ते माझे. फेरीची वेळ बघून ठरवलेल्या नमुन्यांच्या तारखासुद्धा. असे तयार निबंध लेखकांच्या जागा विकून छापण्याचा उद्योग जगभर चालतो, त्याला ‘पेपर मिल’ म्हणतात. मी फी भरून त्या गिरणीला धान्य पुरवलं होतं.

सुटले ती माझ्या गाइड सरांच्या एका जुनाट सवयीमुळे. ते व्हॉट्सअ‍ॅपवर काहीच वाचत नाहीत, प्रत्येक मसुदा विद्यापीठाच्या ईमेलवरच मागतात. त्यामुळे त्या छापील निबंधाच्या कितीतरी आधीच्या तारखांचे माझे मसुदे त्यांच्या मेलमध्ये होते. शेतावरची वही, नमुन्यांच्या पिशव्यांवरची लेबलं, संस्थेकडून आलेली ती विनोदी फाइल, सगळं विद्यापीठाच्या समितीसमोर ठेवलं. त्या विचित्र शब्दांनीच माझी बाजू भक्कम केली. कुठलाही संशोधक स्वतःहून ‘डर्ट सॉल्टीनेस’ लिहीत नाही, आणि तेच शब्द दोन ठिकाणी योगायोगाने येत नाहीत. समितीने मान्य केलं. त्या जर्नलच्या संपादकांना निबंध मागे घ्या म्हणून लिहिलं, त्याला अजून उत्तर नाही. येईलसं वाटतही नाही. स्कोपसच्या स्वतःच्या यादीत आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, टाकून पाहिला तेव्हा त्या क्रमांकाचं खरं जर्नल दुसरंच निघालं. ही वेबसाइट त्याची नक्कल होती.

पैशांचं म्हणाल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायला हवा, रक्कम पुढे सरकण्याआधी बँक अडवू शकते. माझ्या बाबतीत ती वेळ कधीच निघून गेली होती. ‘तुम्हीच पैसे पाठवलेत’ असं बँकेने सांगितलं, आणि बँकेच्या बाजूने ते बरोबरही होतं. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथे संस्थेने ‘सेवा पुरवली आहे’ एवढं उत्तर दिलं आणि माझ्या कोर्सच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली.

इंग्रजी शिकायचंच असेल तर ऑथरएड हा उपक्रम संशोधन-लेखनाचे ऑनलाइन कोर्स फुकट घेतो. मँचेस्टर विद्यापीठाची अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक कुणालाही उघडता येते, निष्कर्ष जपून कसा मांडायचा याची वाक्यंच्या वाक्यं तिथे आहेत. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर शिकायला पैसे पडत नाहीत, फी फक्त परीक्षेची. आणि पैसे देऊनच शिकायचं असेल तर आधी आपला एकच परिच्छेद देऊन बघा. जो शिक्षक ‘इथे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?’ असं विचारतो त्याच्याकडे जा. छापून देण्याची हमी खरा शिक्षक देऊच शकत नाही, कारण तो निर्णय त्याच्या हातात नसतो.

आता मी, कुडाळचा एक प्राध्यापक आणि बेळगावची एक मुलगी, तिघांनी मिळून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे त्यांचं ऑफिस कुठेही असो, आपल्याला तिकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, वकील नसला तरी चालतं, मुदत दोन वर्षांची. असाच कोर्स केलेले आणखी कुणी असाल तर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि तपासून आलेली फाइल पुसू नका. आणि त्या पोर्टलवर निबंध टाकला असेल तर त्यातल्या पद्धतीच्या भागातलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून आजच गूगल स्कॉलरवर शोधा.