जीएलपीआय, नेटबॉक्स की गिट: सर्व्हरची नोंद हरवली तर काय परत मिळतं?

चाळीस-पन्नास सर्व्हर आणि आयटीत तीन माणसं. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यात किंवा कोल्हापुरातल्या सहकारी बँकेत साधारण एवढाच पसारा असतो. कुठला आयपी कुणाला, फायरवॉलचा कुठला नियम कशासाठी, ही नोंद एक्सेलमधून बाहेर काढायची तर तीन पर्याय पुढे येतात: जीएलपीआय (यंत्रांची मोजदाद ठेवणारं सॉफ्टवेअर), नेटबॉक्स (आयपी, रॅक आणि नेटवर्कची नोंद ठेवणारं) आणि गिट (फायलींतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं). फीचर तिन्हीकडे पुरेशी आहेत. फरक पडतो तो डेटा गेल्यावर.

आधी माहितीच्या दोन जाती ओळखा. रॅम, डिस्क, ओएसची आवृत्ती एजंट, म्हणजे मशीनवर बसवलेला छोटा प्रोग्रॅम, पुन्हा गोळा करतो. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कधी संपते, अमुक मशीन रीस्टार्ट का करायचं नाही, हे माणसानं टाइप केलेलं असतं आणि ते एकदा गेलं की गेलंच.

जीएलपीआयचा एजंट बरंच काही आपोआप भरतो, म्हणून तो आवडतो. बॅकअपला मात्र तीन गोष्टी लागतात: डेटाबेस, जोडलेल्या कागदपत्रांचं फोल्डर आणि कॉन्फिग फोल्डरमधली एन्क्रिप्शन की. ही की घ्यायची राहिली तर साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत, सगळे नव्यानं भरावे लागतात. रात्री दोनच्या डंपवर, म्हणजे डेटाबेसच्या पूर्ण प्रतीवर, विसंबलात आणि संध्याकाळी पाचला चूक झाली, तर पंधरा तासांचं काम बुडालं. मधला काळ भरून काढतो बिनलॉग, म्हणजे डेटाबेसनं ठेवलेली प्रत्येक बदलाची नोंद. जीएलपीआय ज्या डेटाबेसवर चालतं त्यांपैकी मायएसक्यूएल ८ मध्ये तो मुळातच चालू असतो, मारियाडीबीत स्वतः चालू करावा लागतो. यापेक्षा चोरटा धोका म्हणजे राजारामपुरीतून असेंबल करून आणलेली मशीन. त्यांच्या बायॉसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) सिरियल नंबरच्या जागी ‘हे कंपनीनं भरावं’ अशा अर्थाचं तेच ते वाक्य असतं. त्या नंबरावर जुळवणी झाली की दोन मशीन एकाच नोंदीत शिरतात, आणि बॅकअपमध्येही तीच चुकीची नोंद जाते. असे नंबर पहिल्याच दिवशी ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे जुळवणीत न धरायच्या यादीत, टाका.

नेटबॉक्समध्ये बहुतेक भरणा हातानं, म्हणून नुकसान जास्त झोंबतं. एक डिव्हाइस काढलं की त्याचे इंटरफेस, म्हणजे नेटवर्क पोर्टच्या नोंदीही, जातात. बदलांची नोंद मूळ सेटिंगनुसार ९० दिवस राहते, पण ती वाचून पुन्हा भरायचं काम तुमचंच. खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस असल्यानं वॉल आर्काइव्ह (प्रत्येक बदल टिपणाऱ्या फायलींचा साठा) आणि बेस बॅकअप (पूर्ण प्रत) ठेवला तर चुकीच्या आदल्या मिनिटापर्यंत मागे जाता येतं. हे बळ इथलं खरं. पण आर्काइव्हची कमांड नापास होत राहिली तर वॉल फायली साचतात, डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो. शिवाय पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या प्रत काढणाऱ्या कमांडमध्ये युजर-रोल येत नाहीत, ते पीजी-डंपऑलनं वेगळे घ्या. (रेप्लिकालाच, म्हणजे मूळ डेटाबेसबरोबर सतत बदलत राहणाऱ्या जुळ्या प्रतीला, बॅकअप म्हणणारे व्हेंडर भेटतात. चहा पाजा, बॅकअप वेगळाच घ्या. चुकीचं डिलीट रेप्लिकावर क्षणात पोचतं.)

गिटमध्ये अॅन्सिबलची (सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनाची) इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हरची यादी, ठेवली की तीन लॅपटॉपवर तीन पूर्ण इतिहास. कुणी फोर्स पुश करून सामाईक इतिहास पुसला तरी दुसऱ्याच्या क्लोनमधून (लॅपटॉपवरच्या प्रतीतून) परत मिळतं. घात करतो तो व्हॉल्टचा, म्हणजे अॅन्सिबलच्या कुलूपबंद फायलींचा पासवर्ड. तो विसरला तर उपाय नाही; पाकिटात सील करून तिजोरीत ठेवा. गिटला प्रत्यक्ष मशीनवर काय आहे ते कळत नाही, हेही लक्षात असू द्या. कुणी रात्री हातानं केलेली दुरुस्ती अॅन्सिबलचा पुढचा प्लेबुक (ठरलेल्या सूचनांची फाइल) मुकाट्यानं पुसतो.

बॅकअप होतोय असं नुसतं धरून चाललं तर काय होतं ते बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या गिट रिपॉझिटरी सांभाळणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची फोल्डर चुकून उडाली. सुमारे सहा तासांचे इश्यू आणि कमेंट गेले, गिट रिपॉझिटरी शाबूत राहिल्या. पीजी-डंप पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा, सर्व्हर ९.६ चा, म्हणून डंप होतच नव्हता आणि कुणाला पत्ता नव्हता.

आमचा कौल: टाइप केलेली माहिती गिटमध्ये, मोजदादीला जीएलपीआय. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) आणि रॅकचा पसारा मोठा असेल आणि दर तिमाहीला जुन्या पीसीवर रिस्टोअर करून बघणारं माणूस असेल, तरच नेटबॉक्स.

प्रत कुठे ठेवायची हे पंचगंगेला विचारा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पाणी आल्यानं महामार्ग कित्येक दिवस बंद होता, म्हणजे पुण्यातली डिस्क पुण्यातच. एक प्रत नदीच्या शिरोलीच्या बाजूला, दुसरी गोकुळ शिरगावच्या बाजूला, दोन्ही वरच्या मजल्यावर. क्लाउडवरची तिसरी.