तयार झाली १९७० साली: जिबबरोबरचे नऊ महिने

जिब हे मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाचं प्लगइन. ते प्रोग्रामची डॉकर इमेज बनवतं, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा. एका मंगळवारी दुपारी टेस्ट सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली आणि ती सुरूच होईना. मी निर्धास्त. म्हटलं, मागची इमेज सर्व्हरवर असेलच, तीच परत लावू. बघतो तर मागची नाही, त्याच्या मागचीही नाही. रजिस्ट्री, म्हणजे इमेज साठवायचा सर्व्हर, नेमकी त्या दिवशी देखभालीसाठी बंद, म्हणजे तिथून ओढून आणायचीही सोय नाही. टेस्टिंगची माणसं दोन तास बसून राहिली आणि मी ऐकून घेत राहिलो.

चोर घरातलाच निघाला. तीस दिवसांहून जुन्या, न वापरातल्या इमेज रोज रात्री पुसणारी एक स्क्रिप्ट मीच पूर्वी लिहिली होती. डिस्क वाढवून मागायची मला लाज वाटते, म्हणून. जिबने बनवलेल्या प्रत्येक इमेजवर निर्मितीची तारीख असते १ जानेवारी १९७०. आज सकाळची इमेजसुद्धा डॉकरच्या यादीत पन्नासहून अधिक वर्षांची म्हातारी दिसते. स्क्रिप्टला बिचारीला काय कळणार! चालू कंटेनरची (इमेजवरून चालणाऱ्या प्रोग्रामची) इमेज तेवढी वाचायची, बाकी सगळा झाडू.

हे प्लगइन आम्ही घेतलं ते कंजूषपणातूनच. आधी डॉकरफाइल (इमेज बनवायच्या आज्ञांची फाइल) होती, त्यात अख्खा फॅट जार (कोड आणि सगळ्या लायब्ऱ्या एकाच फाइलमध्ये) एका कॉपी ओळीत आत जायचा. जार ८५ एमबीचा. कुणी एका क्लासमधलं स्पेलिंग सुधारलं तरी तेवढाच्या तेवढा लेयर (इमेजचा थर) नव्याने बनायचा, पुश व्हायचा, रजिस्ट्रीत साठायचा. त्यातला आमचा स्वतःचा कोड मूठभर, बाकी सगळ्या लायब्ऱ्या. शिवाय बिल्ड सर्व्हरवर इमेज बनवायची म्हणून डॉकरचं सॉकेट (डॉकरला आज्ञा द्यायचं दार) बिल्डच्या कंटेनरमध्ये जोडलेलं. म्हणजे व्यवहारात त्या मशीनचं रूट (पूर्ण अधिकार) पॉमफाइल (मेव्हनची बिल्ड फाइल) बदलू शकणाऱ्या कुणाच्याही हातात. त्याबद्दल मी दोनदा मेल लिहिली होती. उत्तर आलं नाही, ते असो.

जिब लायब्ऱ्या, स्नॅपशॉट (अजून बदलत असलेल्या) लायब्ऱ्या, रिसोर्सेस (सेटिंग, सीएसएस वगैरे फाइल्स) आणि क्लासेस वेगवेगळ्या लेयरमध्ये ठेवतं, आणि रजिस्ट्रीला आधी विचारतं, हा लेयर तुझ्याकडे आहे का? असेल तर पाठवतच नाही. पहिल्या आठवड्यात पुश होताना मला वाटलं काहीतरी बिघडलंय, इतक्या लवकर संपलं. क्लासेसचा लेयर काही केबींचा. डॉकरचं सॉकेट काढून टाकलं त्या संध्याकाळी मी खरंच घरी लवकर गेलो.

एक सूचना मात्र आत्ताच देतो. इमेज पुश करणारं गोल (प्लगइनचं काम) मेव्हनच्या पॅकेज फेजला (बिल्डच्या टप्प्याला) थेट बांधू नका. आम्ही बांधलं होतं. मग ज्याने त्याने आपापल्या लॅपटॉपवर मेव्हन पॅकेज चालवलं की अर्धवट कोडची इमेज रजिस्ट्रीत. वेगळं प्रोफाइल करून ते फक्त बिल्ड सर्व्हरवर चालू ठेवा.

तर पुन्हा १९७०. त्या मंगळवारनंतर मी रागाने क्रिएशनटाइमची सेटिंग बदलून चालू वेळ लावली. एका ओळीचं काम. यादीत 'दोन तासांपूर्वी' असं दिसलं आणि जिवाला बरं वाटलं. माझं तेव्हाचं मत, बोलूनही दाखवलेलं: प्लगइन उत्तम, पण बनवणाऱ्यांना घड्याळ लावता येत नाही.

तीन आठवड्यांनी मत गिळावं लागलं. कुणी रीडमीमधला स्वल्पविराम हलवला तरी बिल्ड चालायचा आणि इमेजचा डायजेस्ट (आतल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) बदलायचा. लेयर तेच असले तरी कॉन्फिगमधली (इमेजच्या माहितीतली) वेळ वेगळी, आणि डायजेस्ट कॉन्फिगवरूनही ठरतो ना. आमचं डिप्लॉयमेंट डायजेस्टवर चालतं. त्यामुळे कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नसलेली इमेज नवी समजून सेवा रीस्टार्ट व्हायच्या आणि सुरक्षा स्कॅन पहिल्यापासून सुरू व्हायचा. वाचवलेली मिनिटं अशी परत गेली. १९७० मागचा हेतू तेव्हा डोक्यात शिरला: तोच कोड, तीच बेस इमेज (जिच्यावर आमचे लेयर चढतात ती), तर तोच डायजेस्ट, आज बनवा की पुढच्या महिन्यात. निमूटपणे सेटिंग मागे घेतली आणि पुसणारी स्क्रिप्ट बदलली. आता ती तारीख बघतच नाही, प्रत्येक सेवेचे शेवटचे पाच टॅग (इमेजला दिलेली आवृत्तीची नावं) सोडून बाकीचे पुसते. हे आधीच करायला हवं होतं.

तरीही डायजेस्ट बदलतच राहिला. दोन दिवस शोधल्यावर सापडलं की स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची बिल्ड-इन्फो फाइल बिल्डची वेळ आत लिहीत होती, म्हणून रिसोर्सेसचा लेयर दरवेळी वेगळा. ती वेळ बंद केली. बेस इमेजही नुसत्या टॅगने न देता डायजेस्टने दिली. याबद्दल जिब पहिल्या दिवसापासून इशारा छापत होतं आणि मी तो पहिल्या दिवसापासून वगळत होतो. डायजेस्टने बांधलं की सुरक्षा दुरुस्त्या आपोआप येत नाहीत, तो आकडा स्वतः बदलत राहावा लागतो, हे मात्र लक्षात ठेवा.

१९७० ने दुसरा चावा घेतला तो ब्राउझरमध्ये. इमेजच्या आतल्या फाइल्सची वेळही गोठवलेली असते, १९७० सुरू होऊन एक सेकंद. सर्व्हर तीच वेळ लास्ट-मॉडिफाइड (शेवटचा बदल) म्हणून पाठवतो. नवी सीएसएस चढवली, पण ब्राउझर विचारतो 'बदलली का?' आणि सर्व्हर म्हणतो 'नाही', म्हणजे ३०४ हा कोड. डिझाइन करणारी मुलगी दिवसभर म्हणत होती की तिचा बदल दिसत नाही, आणि आम्ही तिला कॅशे साफ कर म्हणून सांगत होतो. चूक आमची होती. स्प्रिंगमध्ये लास्ट-मॉडिफाइड वापरू नको असं सांगणारी सेटिंग आहे, ती लावली. पुढे फाइलच्या नावातच हॅश (मजकुराबरोबर बदलणारी खूण) घातला.

इमेज बनवायचा स्प्रिंग बूटचा स्वतःचा बिल्डपॅकवाला मार्गही मी मध्ये पाहून आलो. त्याला डॉकर डेमन (मागे चालणारी डॉकर सेवा) लागतो, म्हणजे पुन्हा ते सॉकेट, तिथेच माझ्यासाठी विषय संपला. त्याच्या इमेजवर तारीख येते १९८० ची. दहा वर्षांनी तरुण, एवढंच.

खरी अडचण वेगळीच आहे. जिब इमेज बनवताना आत कोणतीही आज्ञा चालवत नाही. म्हणजे एखादं पॅकेज बसवायचं तर ते आधीच बेस इमेजमध्ये हवं. आमचं एक मोड्यूल एक्सेल रिपोर्ट बनवतं, त्याला फॉन्ट लागतात, आणि छोट्या बेस इमेजमध्ये ते नसतात. रिपोर्टच्या जागी नल पॉइंटर एक्सेप्शन ही एरर. त्या मोड्यूलसाठी फॉन्ट घातलेली बेस इमेज महिन्यातून एकदा वेगळी बनते, सहा ओळींच्या डॉकरफाइलमधून. ती पुसणाऱ्या स्क्रिप्टच्या तावडीत येत नाही ना, हे मी दर महिन्याला हाताने बघतो.