मयताच्या दोन कादंबऱ्या: आधी कोणती वाचावी?

मरता मरता बाप मुलाला म्हणाला, ‘मला गावी नेऊन माझ्या बहिणीच्या शेजारी पुर.’ मुलगा हो म्हणाला. खालिद खलिफा यांची ‘डेथ इज हार्ड वर्क’ इथे सुरू होते. सीरियात यादवी पेटलेली असताना म्हातारा अब्देल लतीफ दमास्कसच्या इस्पितळात आजाराने गेला. बुलबुल, हुसेन आणि फातिमा ही तीन भावंडं बापाचं मयत मिनीबसमध्ये घालून अलेप्पोकडच्या अनाबियाला निघतात. एरवी काही तासांचा रस्ता, पण त्यांना तीन दिवस लागतात.

अहमद सादावी यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद’मध्ये अडचण उलटी आहे. तिथे पुरायला अख्खं मयतच मिळत नाही. साल २००५, बगदादमध्ये रोज कुठे ना कुठे स्फोट. बताविन मोहल्ल्यातला भंगारवाला हादी रस्त्यावर विखुरलेले माणसांचे अवयव गोळा करतो आणि शिवून त्यांचा एक देह बनवतो. हे तुकडे कचऱ्यात जाऊ नयेत, माणूस म्हणून त्यांना कबर मिळावी, एवढंच त्याला हवं असतं. शेवटी नाक तेवढं राहिलेलं असतं, तेही तो शिवतो. मग तो देह उठून चालायला लागतो.

दोन्ही पुस्तकं हसवतात, पण हसू वेगवेगळ्या जागी येतं. खलिफांकडे ते चौक्यांवर येतं. बापाचं नाव सरकारच्या ‘हवे असलेल्यां’च्या यादीत आहे, म्हणून एका नाक्यावर चक्क मयतालाच अटक होते. मृत्यूचा दाखला दाखवूनही भागत नाही, पैसे चारावे लागतात. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. इतकं सरळ, आवाज न चढवता लिहिलंय की आधी हसू फुटतं आणि मग आपण कशाला हसलो हे कळतं. मागे मयत फुगत चाललंय, त्याला किडे लागलेत, आणि पुढच्या सीटवर भावंडांची जुनी भांडणं चालूच आहेत. घरात मयत झाल्यावर वाटणीवरून धुसफूस ज्यांनी पाहिलीय, त्यांना ही भावंडं परकी वाटणार नाहीत.

सादावींचं हसू मोहल्ल्यातल्या बाजारगप्पांचं आहे. इराण-इराक युद्धात हरवलेला मुलगा दानियल परत येईल म्हणून वाट पाहणारी म्हातारी इलिश्वा त्या शिवलेल्या देहालाच दानियल समजते आणि मुलाचे जपून ठेवलेले कपडे त्याला घालायला देते. सरकारच्या एका खात्यात चक्क ज्योतिषी नेमलेले आहेत. पण मला विसरता येत नाही तो हॉटेलचा पहारेकरी हसीब. स्फोटात त्याचं जवळजवळ काहीच उरलं नाही. घरच्यांनी पेटीत जळके बूट आणि रक्ताने भरलेल्या चिंध्या ठेवून दफन केलं, आणि त्याचा आत्मा देह शोधत फिरत राहिला.

हाताशी थोडाच वेळ असेल तर खलिफा. पुस्तक छोटं आहे, लेरी प्राइस यांचा इंग्रजी अनुवाद स्वच्छ आहे, आणि पात्रं मोजकी असल्याने धागा सुटत नाही. मात्र घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर थोडं थांबा, कारण सडत्या देहाची वर्णनं अंगावर येतात. सादावींच्या पुस्तकात माणसांची गर्दी आहे. पत्रकार महमूदच्या प्रकरणांत ते मधे रेंगाळतं, पण गूढ आणि सूडकथा आवडणाऱ्यांना तेच धरून ठेवील. त्याला २०१४ चं अरबी कादंबरीचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. जोनाथन राइट यांचा अनुवाद सहज मिळतो.

माझं मत खलिफांच्या बाजूने आहे. युद्ध चालू असताना हा माणूस दमास्कसमध्येच राहिला आणि २०२३ मध्ये तिथेच गेला. चौकीवर गाडी थांबली की पोटात जो गोळा येतो, तो या पुस्तकात पानोपानी आहे.

तेच घेतलंत तर लैलाचा भाग घाईत वाचू नका. अब्देल लतीफची ही बहीण नावडत्या माणसाशी लग्न लावतात म्हणून लग्नाच्या दिवशी गच्चीवर स्वतःला पेटवून घेते, आणि तेव्हा भाऊ तिच्या पाठीशी उभा राहिलेला नसतो. म्हातारा तिच्याच शेजारची जागा का मागतो, ते तिथे कळतं.