मालवणच्या घरगुती खानावळीतले जेवण

मालवण बंदराजवळच्या एका घरगुती खानावळीत आम्ही सलग दोन दिवस दुपारी जेवलो आणि तेथील तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीची चव अजून जिभेवर आहे. ओल्या खोबऱ्याचे वाटण गंधासारखे बारीक होते, आमसुलाचा आंबटपणा बेताचा होता आणि बांगडा इतका ताजा होता की बोटाने हलकेच दाबताच काट्यापासून अख्खा तुकडा सुटून येत असे. तिरफळ चावायचे नसते, ते बाजूला काढून ठेवायचे असते, हे वाढणाऱ्या काकूंनी आम्हाला आवर्जून सांगितले. असे आपुलकीचे वाढणे मोठ्या हॉटेलांत क्वचितच अनुभवास येते.

तळलेल्या सुरमईवर मात्र रव्याचा थर जाड होता, त्यामुळे माशाची मूळ चव झाकली गेली. सोलकढी पहिल्या दिवशी उत्तम होती, तर दुसऱ्या दिवशी पाणचट लागली.

एक तक्रार गंभीर आहे. सुरमईचा दर फलकावर नव्हता आणि तो तुकड्याच्या आकारानुसार ठरतो, हे आम्हाला बिल हाती आल्यावरच कळले, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी दर विचारून घ्यावा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असल्याने ताज्या माशांची निवड मर्यादित राहते. त्यामुळे खास मासे खाण्यासाठी जायचे असल्यास बंदी उठल्यानंतरचे दिवस निवडावेत.