३ लाख ४१ हजार किलोमीटरवर इंजिन गेलं, त्यानंतरचे पंधरा महिने

गाडी २०१७ च्या जूनमध्ये नवी घेतली. बीएस-४ पिकअप, अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गाडीचा दोष नव्हता आणि जे सांगतोय ते कुठल्याही पिकअपला लागू आहे. काम ठरलेलं: नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरायचा, माळशेज उतरायचा आणि वाशीच्या गाळ्यावर पहाटेच्या आत माल टाकायचा. जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर. परत येताना रिकामे क्रेट, नाहीतर कल्याण-भिवंडीकडून मिळेल ते भाडं.

महिन्याला चार हजार किलोमीटर सहज व्हायचे. ऑइल दर दहा हजाराला बदलत होतो, फिल्टर बदलत होतो, त्यामुळे आपली गाडी नीट सांभाळलेली आहे असंच मला वाटायचं. एका गोष्टीकडे कधी नीट बघितलं नाही, ती म्हणजे पाणी. रेडिएटरमध्ये कमी झालं की ढाब्यावरच्या नळाचं नाहीतर मळ्यातल्या बोअरचं ओतायचं आणि झाकण लावायचं. इंजिन थंड ठेवणारं पहिलं हिरवं कूलंट कधी संपलं आणि नुसतं पाणी कधी उरलं, हे मलाही कळलं नाही.

२०२४ चा एप्रिल. कल्याणहून फरशीचं भाडं मिळालं होतं, ओतूरला टाकायची होती. माल पासिंगपेक्षा, म्हणजे आरटीओने गाडीला मंजूर केलेल्या वजनापेक्षा, जास्त होता, हे इथे कबूल करतो. टोकावडे सोडलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. घाट सुरू झाल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत होतो आणि टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला. मनात म्हटलं, वर गेल्यावर थांबू. दोन वळणांनंतर काटा आपोआप खाली आला. मला हायसं वाटलं. तिथेच इंजिन गेलं.

हे नीट समजून घ्या, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच निघून गेलं तर सेन्सर हवेत आणि वाफेत लटकतो आणि काटा पडतो. इंजिन थंड झालेलं नसतं, उलट ते कोरडं जळत असतं. माझ्या गाडीचा क्लिपखालचा एक छोटा होस, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, तडकला होता आणि सगळं पाणी घाटातल्या रस्त्यावर सांडलं होतं. पुढे दीड-दोन किलोमीटर मी तशीच चालवली. मग ओढ कमी झाली, टक-टक आवाज आला आणि बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी बंद पडली. त्यावर आणखी एक चूक केली. घाई झाली होती, मागे गाड्यांची रांग लागली होती, म्हणून वीस मिनिटांतच कॅनमधलं गार पाणी ओतलं. तापलेल्या हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या वरच्या धातूच्या झाकणावर, गार पाणी पडलं की धातू तडकतो. आत कुठेतरी बारीक आवाज झालेला मी ऐकला.

टोचन करून गाडी आळेफाट्याला आणली. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हेड काढून टेबलावर उलटं ठेवलं आणि मला बोलावलं. हेडवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि म्हणाले, "भाऊ, खाली वाका, पट्टीच्या खालून बघा." मधल्या दोन सिलिंडरच्या जागी पट्टीखालून उजेड दिसत होता. त्यांनी फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांपैकी, एक पान घेतलं आणि त्या फटीत सरकवलं. ते अलगद आत गेलं. मग बोटाने व्हॉल्व्हच्या दोन सीटमधली केसासारखी रेघ दाखवली. फक्त वाकलेलं असतं तर मशीनवर फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, घेता आलं असतं. तडकलेल्या हेडवर ते पैसे घालायला तयार नव्हते आणि मीही नव्हतो.

खाली बघितलं तर गोष्ट आणखी जुनी निघाली. तिसऱ्या पिस्टनला ओरखडे होते, ते त्या दिवसाचे. पण बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, वरच्या काठाला मिस्त्रींनी माझं नख लावायला सांगितलं, तर नख अडकलं. रिंग जिथपर्यंत फिरते तिथपर्यंत बोअर झिजून तिथे कंगोरा तयार झाला होता. हे एका दुपारचं काम नव्हे. एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप काढून आत पांढरा रुमाल फिरवला, तर रुमाल तांबूस झाला. फिल्टर मी दर महिन्याला पंपावर हवा मारून 'साफ' करत होतो. जोराच्या हवेने कागदाच्या घड्यांत बारीक छिद्रं पडतात आणि मळ्याच्या रस्त्याची धूळ तिथून थेट सिलिंडरमध्ये जाते. वर्षभर ऑइल कॅप काढली की धूर यायचा, बॅक कॉम्प्रेशन होतं, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांमधून खाली ऑइलकडे येत होता. दर दोन-तीन फेऱ्यांना अर्धा लिटर ऑइल घालावं लागायचं. 'एवढं चाललंय म्हटल्यावर खाणारच' असं सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचो.

आणखी एक. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हता, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्हच नव्हता. दीड लाखाच्या आसपास एका गॅरेजमध्ये गाडी गरम होते म्हणून दाखवली होती, तिथे तो काढून टाकला होता. आपल्याकडे हा इलाज सर्रास करतात. खरं तर तेव्हाच बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसायला लागले होते. थर्मोस्टॅट काढल्याने रोग लपला आणि वर इंजिन सकाळी तापायला दुप्पट वेळ घ्यायला लागलं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. जुना रेडिएटर कापून बघितला तेव्हा नळ्यांत चुनखडीसारखा थर होता, चहाच्या भांड्याच्या तळाला असतो तसा.

आता पर्याय. भंगारातलं वापरलेलं इंजिन स्वस्त पडत होतं. पण ते कुणी कसं चालवलं ते कळायला मार्ग नाही आणि इंजिन नंबर बदलल्यामुळे आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडी आहे तशी विकायची तर मातीमोल. आप्पा म्हणाले, "चेसिस चांगली आहे, हौदा चांगला आहे, काम कर." म्हणून फुल काम केलं: नवं हेड, बोअर करून नवे पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, ऑइल पंप, पाण्याचा पंप, सगळे होस, नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट. गिअरबॉक्स उतरलाच होता म्हणून क्लच प्लेटही. मेन बेअरिंगवर तांबं दिसत होतं, म्हणजे तेही फार दिवस टिकणार नव्हतं. एकूण १,३२,००० रुपये आणि एकोणीस दिवस गाडी उभी. ऐन हंगामातले एकोणीस दिवस. एक होस आणि वर्षाला दोन डबे कूलंट याच्या बदल्यात हा हिशेब आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे त्यानंतरचा अनुभव. आज मीटरवर ४ लाख २ हजार आहे, म्हणजे काम केलेल्या इंजिनावर ६१ हजार झाले.

पहिले हजार किलोमीटर अर्ध्या मालावर काढले आणि एकाच वेगात फार वेळ चालवली नाही. रिंग बोअरवर बसायला इंजिनावर थोडा भार लागतो, म्हणून रिकामीही फिरवली नाही. हजाराला पहिलं ऑइल काढलं. ते उन्हात धरलं तर त्यात चांदीसारखी चमक होती. मिस्त्री म्हणाले हे होणारच, म्हणूनच ते काढायचं. पाच हजारांवर काढलेल्या ऑइलमध्ये ती चमक नव्हती. आता दर आठ हजाराला बदलतो. पुस्तकात जास्त लिहिलंय, पण ते साध्या वापरासाठी आहे. घाट, ओव्हरलोड आणि धूळ असेल तर त्याच पुस्तकात मागच्या पानावर वेगळा आकडा असतो, तो वाचा. ऑइल १५डब्ल्यू४०, डिझेलचं, सीआय-४ ग्रेडचं. ब्रँडवरून भांडण्यापेक्षा डब्यावरची ग्रेड बघा आणि डबा ओळखीच्या दुकानातून घ्या.

मायलेज आधी साडेअकराच्या आसपास होतं, आता तेरा मिळतं. त्यात थर्मोस्टॅटचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे, कारण सकाळी ओतूर यायच्या आत काटा जागेवर येतो. ऑइल दोन बदलांच्या मध्ये जेमतेम पाव-अर्धा लिटर लागतं. धूर नाही.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. बावीस हजारांवर क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल पाझरायला लागलं आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. सील जुन्याच घासलेल्या जागी बसलं होतं. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, पण दोन दिवस गेले. फुल काम करताना मागच्या सीलजवळ क्रँकवर घासलेली रेघ आहे का ते उभं राहून बघा. यंदा पाऊस मेमध्येच आला, तेव्हा एक इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, गेला. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडला तर चहाच्या कपाएवढं पाणी निघालं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत, दाब हजार बारच्या वर असतो, तिथे पाण्याचा थेंबही इंजेक्टरचं तोंड खातो. तेव्हापासून पावसाळ्यात दर आठवड्याला तो स्क्रू सोडतो. दोन मिनिटांचं काम आहे.

कूलंटबद्दल मात्र सविस्तर लिहितो. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बाकी काही नाही. पाच लिटरचा मिसळलेला कॅन सीटमागे कायम असतो, त्यामुळे नळाचं पाणी घालायची वेळच येत नाही. साधं पाणी शंभरला उकळतं. हे मिश्रण प्रेशर कॅपच्या, म्हणजे रेडिएटरच्या झाकणाच्या, दाबाखाली त्याच्या बऱ्याच वर जाऊन उकळतं आणि घाटात तीच फट इंजिन वाचवते. म्हणून कॅपचं रबर कडक झालं की कॅप बदला, दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. काढलेलं कूलंट घमेल्यात उघडं ठेवू नका. ते गोड असतं, कुत्री आणि वासरं चाटतात आणि मरतात. आमच्या वाडीत हे झालेलं आहे.

सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेट उघडतो. आधी कूलंटच्या टाकीतली पातळी, मग वरचा होस हाताने दाबून बघतो. थंड इंजिनात होस मऊ हवा. रात्रभर उभी राहूनही कडक असेल तर हेड गॅस्केटमधून दाब पाण्यात येतोय. मग ऑइलची काडी. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालूच करायची नाही. शेवटी गाडीखाली जमिनीवर नजर. माळशेज चढून वर आलो की बंद करण्याआधी दोन मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला ऑइल इंजिनच पुरवतं. तापलेला असताना ते एकदम थांबवलं तर आतलं ऑइल करपतं.

सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू चौदाशे रुपयांची आहे. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून हेडच्या बोल्टखाली एक तापमानाचा सेन्सर बसवून घेतला, आकडा डॅशबोर्डवर दिसतो आणि मर्यादा ओलांडली की बझर वाजतो. हा पाण्याचं नाही, धातूचं तापमान मोजतो. म्हणजे पाणी संपलं तरी खोटं बोलत नाही. रोज घाटात माझ्या गाडीचा आकडा ९२ ते ९६ अंश असतो.

या एप्रिलमध्ये, पुन्हा दुपारीच, मुरबाडहून खताच्या गोण्या भरून चढत होतो. आकडा ९८ झाला, मग १०१. कंपनीचा काटा अजून जागेवरच होता. १०४ ला बझर वाजला आणि मी पहिल्या रुंद जागेत गाडी बाजूला घेतली. इंजिन लगेच बंद केलं नाही, आधी काही सेकंद चालू ठेवून आकडा बघितला, मग बंद केलं. कॅपला हात लावला नाही. पाऊण तास सावलीत बसलो. मागच्या वर्षीचं ते वळण तिथून दिसत होतं. गार झाल्यावर बघितलं तर पाणी पूर्ण होतं, पण पंख्याचा व्हिस्कस क्लच, म्हणजे पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग, मोकळा फिरत होता आणि त्याच्या मध्यावरून काळपट तेलकट डाग पसरले होते. गरम इंजिनावर पंखा हाताला जड लागायला हवा. त्यातलं सिलिकॉन तेल गळून गेलं की पंखा नुसता गरगरतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये समोरून वारा नसल्यामुळे घाटात सगळा भार पंख्यावरच असतो. फुल कामात इंजिन थंड ठेवणाऱ्या भागांपैकी हा एकच आम्ही जुना ठेवला होता. ऊन उतरल्यावर निम्म्या गोण्या मागून येणाऱ्या ओळखीच्या गाडीत टाकल्या आणि हळूहळू वर आलो. आकडा ९७ च्या वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी पंख्याचा क्लच बदलला.

माल आता पासिंगच्या आतच भरतो. टोमॅटोचा भाव चढला की मोह होतो, व्यापारी म्हणतो अजून दहा क्रेट टाक, पण २० किलोचे दहा क्रेट म्हणजे दोनशे किलो, आणि ते घाटात इंजिनाला ओढावे लागतात. भाडं थोडं कमी मिळतं.

बदली ड्रायव्हरला गाडी देतो तेव्हा एकच सांगतो: बझर वाजला तर जिथे असशील तिथे थांब, माल उशिरा पोचला तरी मी व्यापाऱ्याशी बोलेन. सन व्हायझरला वही अडकवलेली आहे, त्यात प्रत्येक फेरीचा सर्वांत मोठा आकडा तो लिहितो. कालच्या फेरीचा ९५ आहे. होसना दिवाळीत दीड वर्ष होईल, तेव्हा वरचे-खालचे दोन्ही बदलायचे आहेत.